वाचकांचे प्रश्न : जोरदार ठिणगीने मोटारसायकलची ताकद वाढते का?

प्रश्न : माझी १०० सीसीची, कार्ब्युरेटरची मोटारसायकल आठ वर्षे जुनी आहे. चढावर ती मिस मारते आणि पिकअपही पूर्वीसारखा राहिलेला नाही. इरिडियम प्लग, जास्त व्होल्टेजची कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) आणि रेसिंग सीडीआय (ठिणगी कधी पडायची हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) बसवल्यास ताकद वाढेल, असे मला सुचवण्यात आले आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : तिन्ही भाग एकदम बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉइलवरील व्होल्टेजचा आकडा ही तिची कमाल क्षमता असते. प्लगचा गॅप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधील फट, ओलांडण्याइतके व्होल्टेज झाले की ठिणगी पडते आणि ते त्यापुढे चढत नाही. त्यामुळे मिश्रण आधीच नीट पेटत असेल, तर मोठ्या कॉइलने ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. चढावर मात्र थ्रॉटल जास्त उघडल्याने सिलिंडरमधील दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते, आणि अशा वेळी प्लगवर बसणाऱ्या, तडा गेलेल्या कॅपमधून किंवा जुनाट वायरीतून वीज बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूकडे निसटते. सपाट रस्त्यावर सुरळीत चालणारी गाडी चढावरच मिस मारते, तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा.

इंजिन बंद असताना प्लग कॅप फिरवून वायरीवरून काढावी. आतल्या तांब्याच्या तारा हिरवट झाल्या असतील आणि वायर पुरेशी लांब असेल, तर टोक सुमारे ५ मिलिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून घट्ट बसवावी. अनेक कॅपमध्ये ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो; मल्टिमीटरवर त्याच्या कितीतरी पट आकडा आल्यास कॅप बदलावी. ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकलेला आणि प्लगच्या भोकापासून दूर असावा. प्लग अधांतरी ठेवून किक मारल्यास कॉइल किंवा सीडीआय जळू शकते.

तिन्हींपैकी इरिडियम प्लग मला रास्त वाटतो. साध्या प्लगचे मधले टोक सुमारे २.५ मिलिमीटर जाडीचे असते, तर इरिडियमचे ०.४ ते ०.६ मिलिमीटर, बारीक टोकावरून कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि ते झिजतेही सावकाश. हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो याचा दर्जा, मात्र मूळचीच घ्यावी; उष्णता लवकर टाकणाऱ्या प्लगला थंड प्लग म्हणतात. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, तर बॉशच्या प्लगवर नेमके उलट असते, त्यामुळे कंपनी बदलताना तक्ता पाहिल्याशिवाय निवड करू नये. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि तो मोजताना बारीक टोकावर जोर देऊ नये.

रेसिंग सीडीआय टाळावी. अशा अनेक सीडीआय आरपीएमची (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची) मर्यादा काढून टाकतात आणि टायमिंग पुढे नेतात, म्हणजे ठिणगी लवकर पाडतात. रोजच्या वापरातील एअर-कूल्ड इंजिनात त्यामुळे नॉकिंग (मिश्रण अवेळी, झटक्याने पेटणे) होऊन पिस्टनला धोका पोहोचतो. कॅप, वायर आणि प्लग ठीक करूनही पिकअप आला नाही, तर एअर फिल्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळ ठेवलेली बारीक फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्यावे.

प्रश्न : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेझिस्टर नसलेला प्लग चालतो का?

उत्तर : नाही. ठिणगीमुळे होणारा विद्युत अडथळा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि सेन्सरपर्यंत पोहोचू शकतो आणि प्लगमधील रेझिस्टर तो कमी करतो, म्हणून पुस्तिकेत रेझिस्टरचा प्लग सांगितला असेल तर तोच बसवावा.