‘भूमिगत जीवाणू’ म्हणावे का?

स्वीडनमधील एस्पो येथे खोल ग्रॅनाइट खडकातल्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या आणि १९९८ साली नवी जाती म्हणून वर्णन झालेल्या ‘मिथेनोबॅक्टेरियम सब्टेरानियम’ या सूक्ष्मजीवाला मराठीत ‘मिथेन तयार करणारा भूमिगत जीवाणू’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते यातले ‘मिथेन तयार करणारा’ एवढेच ठेवावे. हवे तर ‘मिथेनजनक’ म्हणावे.

‘जीवाणू’ हा शब्द मराठीत बॅक्टेरियासाठी रुळला आहे. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएची तुलना करून मिथेनजनकांचा गट बॅक्टेरियांहून मुळातच वेगळा असल्याचे दाखवले. त्या गटाला आधी ‘आर्किबॅक्टेरिया’ म्हणत; १९९० साली गैरसमज टळावा म्हणून त्यातले ‘बॅक्टेरिया’ गाळून ‘आर्किया’ एवढेच नाव ठेवण्यात आले. ‘मिथेनोबॅक्टेरियम’ हे नाव मात्र १९३६ पासूनचे असल्याने आधी दिलेले नाव टिकते, या अग्रक्रमाच्या नियमानुसार तसेच राहिले. नावावर विसंबून ‘जीवाणू’ लिहिले, तर ती दुरुस्ती मराठीत पोचतच नाही. ‘आर्किया’ लिहावे, किंवा दोन्हींना सामावणारा ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द वापरावा.

‘भूमिगत’ची अडचण निराळी आहे. गटार किंवा वाहिनी भूमिगत असली तर काही खटकत नाही; पण सजीवाला हे विशेषण लावताच १९४२ च्या चळवळीत पोलिसांना चुकवत फिरणारे कार्यकर्ते डोळ्यांपुढे येतात. हा सूक्ष्मजीव लपलेला नाही. ऑक्सिजन नसलेल्या त्या पाण्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर तो जगतो. म्हणून मला ‘भूगर्भवासी’ अधिक नेमके वाटते.

मूळ नावातले ‘सब्टेरानियम’ (जमिनीखालचे) हे विशेषणही पाहण्याजोगे आहे. जपानमधील होक्काइदो बेटावरच्या होरोनोबे येथील खोल शेल खडकातून मिळालेल्या दुसऱ्या एका मिथेनजनकाचे नाव ‘मिथेनोसार्सिना सब्टेरानिया’ आहे. लॅटिनमध्ये ‘बॅक्टेरियम’ नपुंसकलिंगी, तर ‘सार्सिना’ स्त्रीलिंगी. त्यामुळे आपल्या ‘काळे’ आणि ‘काळी’प्रमाणे विशेषणाचा शेवट बदलतो. एकाच विशेषणाची ही दोन रूपे आहेत, त्यांपैकी कोणतेही ‘सुधारू’ नये. त्याच होरोनोबेवरून ‘मिथेनोक्युलियस होरोनोबेन्सिस’ हे आणखी एक नाव आले आहे. त्यातला ‘-एन्सिस’ हा प्रत्यय पुणेकर, सातारकर यांतल्या ‘-कर’सारखा गाव सांगतो, पण म्हणून ‘होरोनोबेकर’ करण्याची गरज नाही. जातीचे नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहावे आणि अर्थ पुढच्या वाक्यात सांगावा.