रिकामा डबा परत का द्यायचा नाही?

बाळा,

मंगळवारी व्हिडिओ कॉलवर तू सांगत होतीस, तिकडं डब्लिनमध्ये आपल्या शेजारच्या आजींनी ब्रॅक, म्हणजे हॅलोविनचा मनुका घातलेला गोड पाव, दिला होता तो लाल डबा मी धुऊन पुसून ठेवलाय, उद्या शाळेतून येताना देऊन टाकू का, आणि मी म्हटलं थांब, रिकामा नाही द्यायचा, तर तू विचारलंस, "पण का? डबा त्यांचाच आहे ना, मग त्यात आपलं काय घालायचं?" तेवढ्यात इकडं दारात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, काय ऐकूच येईना, फोन ठेवावा लागला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. आज शुक्रवार, काल भाऊबीज झाली, घर जरा निवांत आहे, आजी आजोबा दोघं पडलेत, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या शेजारी बसून वाच, अडेल तिथं त्यांना विचार.

खरं सांगू का, हा अख्खा महिना मी डबेच इकडून तिकडं केलेत. मी इकडं कोल्हापूरला आले तेव्हा नवरात्र सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. रिक्षातून बॅगा उतरवतेय तोवर समोरच्या काकी डबा घेऊन दारात, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, "प्रवासातनं आलीयास, आधी खाऊन घे." मी काही मागितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं पण नव्हतं की कधी येतेस, त्यांना आजीनं गच्चीवरनं सांगितलं असणार. मग ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर गेली, कोहळा फोडायचा विधी असतो तिथं, मामा त्या गर्दीतून कोहळ्याची एवढीशी फोड घेऊन आला आणि आजीला केवढा आनंद. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते, रस्ताभर रांगोळ्या, तुला दाखवायला फोन वर धरला होता पण गर्दीत नीट दिसलं नसेल. घरी आम्ही कडाकण्या केल्या, म्हणजे गोड कणकेच्या पातळ कडक पुऱ्या, त्या दोऱ्यात ओवून घटावर टांगतात. दसऱ्याला खाली काढल्या आणि आजी म्हणाली, यातल्या आठ दहा काकींच्या डब्यात घाल आणि देऊन ये. म्हणजे आठ दिवस काकींचा डबा आमच्या ओट्यावरच होता आणि त्यांनी एकदा पण विचारला नाही.

मग आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शुगर वाढलेली म्हणून तारीख एकदा पुढं गेली, कोजागिरीनंतर झालं एकदाचं. दिवसातनं चार वेळा ड्रॉप, डोक्यावरनं पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, आजोबा ऐकणारे नव्हेत हे तुला माहितीच आहे, मी आणि मामी आलटून पालटून पाळतीवर. त्या दोन तीन दिवसांत आमच्या घरात चूल पेटलीच नाही म्हटलं तरी चालेल, सकाळ संध्याकाळ गल्लीतनं डबे येत होते. एकीकडनं भाकरी आणि मेथी, दुसरीकडनं मुगाची खिचडी, मागच्या मावशींकडनं गरम सांजा. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर मोजले तर सात डबे आणि एक पातेली.

आता कुणाचा कुठला कसं कळायचं? इकडं स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात. दुकानात छोटं मशिन असतं, टर्रर्र असा आवाज येतो, आणि काठाजवळ ठिपक्या ठिपक्यांनी नाव, कधी तारीख, कधी कुणाच्या लग्नात किंवा बारशाला दिलं ते पण. आजीच्या फडताळात एक डबा आहे त्यावर १९८७ लिहिलंय आणि नाव आपल्याकडचं नाहीच, ते कुटुंब गल्ली सोडून सांगलीला गेलं, डबा द्यायचा राहून गेला. आजी अजून तो वापरत नाही. घासूनपुसून वेगळा ठेवलाय, ती माणसं कधी आली तर म्हणून. मी म्हटलं तो असाच ठेवलाय होय रिकामा, तर उघडून दाखवला, आत थोडी खडीसाखर. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती बदलते म्हणे. मला हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं बघ.

मग तुझा प्रश्न मी आजीला जसाच्या तसा विचारला. ती चकलीचा सोऱ्या पुसत होती, तशीच थांबली, म्हणाली, "रिकामं भांडं कसं द्यायचं गं? बरं दिसतंय व्हय ते?" तिच्यासाठी उत्तर तिथंच संपलं. मी सोडलं नाही, परत विचारलं, मग म्हणाली, रिकामा डबा दिला की ते म्हणणार, झालं, यांचं आपलं मिटलं. आणि मिटवायचं कशाला?

मला वाटतं हेच आहे ते. पैशाचं कसं असतं, दहा घेतले दहा दिले, की दोघं मोकळे, परत तोंड नाही पाहिलं तरी चालतं. डब्याचं तसं व्हायला नको असतं आपल्याला. म्हणून बरोबरीनं फेडायचं पण नसतं. काकींनी आमटी दिली म्हणून लगेच त्याच संध्याकाळी तेवढीच आमटी करून नेली तर त्यांना वाईट वाटेल, उसनं फेडल्यासारखं. आणि खरंच उसनं आणलं असेल, म्हणजे साखर संपली म्हणून शेजारनं वाटीभर आणली, तर ती सपाट वाटी आणलेली असली तरी परत देताना शीग लावून द्यायची, वाटीच्या वर डोंगर दिसला पाहिजे. हे मला आजीनं सहा सात वर्षांची असताना शिकवलं, चमच्यानं वर वर साखर घालत होती आणि मी ती सांडू न देता तीन घरं चालत गेले होते, अजून आठवतं.

घालायचं काय, तर काहीही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, परसातली चार फुलं. मीठ मात्र घालत नाहीत. पण देणाऱ्याला काय चालतं ते बघून घालायचं हे महत्त्वाचं. मागच्या मावशींना डायबेटिस आहे, त्यांच्या डब्यात आजीनं कढीपत्त्याचा डहाळा आणि दोन लिंबं ठेवली. पातेली ज्यांची त्यांची मुलगी बारावीला आहे, तिला शेंगदाण्याची चिक्की. एका डब्यात तर पहिल्या दिवशीची खिचडी संपवून आम्ही आजोबांनी स्वतः सोललेल्या शेंगा भरल्या, त्यांना तेवढंच काम करायची परवानगी होती. रमजान ईदला याच गल्लीतनं शीरखुर्म्याची किटली येते आणि ती दिवाळीपर्यंत सहज थांबते, मग चकल्या भरून जाते. सात महिने लागले म्हणून कुणी काय म्हणत नाही.

एक गोष्ट सांगते, तू तीन वर्षांची होतीस तेव्हाची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. पंचगंगा म्हणजे आपण घाटावर बसून पाय सोडले होते ती नदी. आजीचं घर उंचावर आहे म्हणून वाचलं, पण खालच्या भागात घराघरांत पाणी, लोक शाळांमध्ये आणि हॉलमध्ये राहायला गेले, हायवे बंद, गाड्या अडकलेल्या. आजी आणि गल्लीतल्या बायका रोज भाकरी करायच्या आणि मामा डबे पोचवायचा. त्यात आजीचा एक तीनपुडी डबा कुंभारांच्या एका घरी गेला. पाणी ओसरलं तेव्हा त्यांच्या घरात गुडघाभर गाळ, गणपतीसाठी केलेल्या मूर्ती सगळ्या विरघळून गेलेल्या, वर्षाची कमाई गेली. आजी म्हणाली, डब्याचं नाव काढायचं नाही. दिवाळीच्या आधी दोन दिवस त्या घरची सून डबा घेऊन आली. घासून लख्ख केलेला, आणि तिन्ही पुडांत नवीन पणत्या, गवत घालून बसवलेल्या, एक पण फुटलेली नव्हती. आजीनं चहा केला, दोघी बराच वेळ काहीच बोलत नव्हत्या, मामी सांगते. यातल्या पाच पणत्या अजून आहेत. मंगळवारी उंबऱ्यावर लावलेल्या तुला दाखवल्या ना मी, काठ काळे झालेल्या, त्याच त्या.

बाकी महिना कसा गेला कळलं नाही. घरफाळा भरला, आजीची पासबुकं भरून आणली, भाजणी दळून आणायला गिरणीत दोन तास उभी राहिले कारण सगळ्या कोल्हापूरला एकाच दिवशी भाजणी दळायची होती. मामाच्या पोरांनी दारात किल्ला केलाय, यंदा पन्हाळाच, कारण जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यात आपला पन्हाळा आहे आणि धाकट्याला ते शाळेत सांगितलंय. तीन दरवाजा म्हणतात तो गडाचा दरवाजा पुठ्ठ्याचा आहे, उतारावर मोहरी पेरलीय ती छान उगवलीय, तुझ्यासाठी फोटो काढून ठेवलेत. पाडव्याला गवळ्यांनी म्हशी सजवून आणल्या, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, आजीनं दारात आलेल्या म्हशीला पोळी दिली. बाबांना ओवाळायचं यंदा राहिलं, ते मी आल्यावर करणार आहे.

आता तुझ्या लाल डब्याचं. तुला हे माहीत नाही, पण तू जन्मलीस त्या आठवड्यात याच आजींनी काचेच्या भांड्यातनं सूप आणून दिलं होतं. मी थकलेली, आपल्या ओळखीचं डब्लिनमध्ये कुणी नाही, भांडं धुऊन त्यांच्या दारात तसंच ठेवून आलो. इकडं आजीला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "आत काय घातलंस?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी बाबांनी बेसनाचे चार लाडू नेऊन दिले. त्या म्हणाल्या कशाला एवढं, आणि पुढच्या महिन्यात आपली प्लेट त्यांनी परत दिली तेव्हा त्यावर त्यांच्या झाडाची सफरचंदं होती. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. तेव्हापासून चाललंय हे, तुझ्याइतकंच वय झालं त्याला.

मी उद्या संध्याकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला निघतेय, सोमवारी घरी, तुला सुट्टीच आहे. रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, स्वयंपाकघरातलं घड्याळ बाबांकडनं लावून घे. दुधाचं काही तिकडं आणता येत नाही म्हणून पेढे नाहीत, पण चकल्या आहेत, कडबोळी आहेत, एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, आहे. त्या आजींना तिखट सोसत नाही, तर त्यांच्यासाठी आजीनं तेलातल्या शंकरपाळ्या वेगळ्या केल्यात, जरा मऊ, दातांना त्रास नको म्हणून. त्या डब्यात तू भर आणि तूच नेऊन दे. आणि ब्रॅकमध्ये घालून भाजतात ती अंगठी तुला सापडली ते त्यांना सांगितलंस का? नसेल तर तेव्हा सांग.

तुझी,
आई