देवापुढे बसूनही मन थाऱ्यावर नसतं?

"देवापुढे बसलं की नको ते विचार येतात, मॅडम. मन शांत कसं करू?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या साठीच्या आसपासच्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की "ध्यानाचं अ‍ॅपही वापरून बघितलं" हे पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं.

तपशील बदलून एक अनुभव सांगते. निवृत्त हिशेबनीस. पूजा रोज तासभर, पण मुलाचं कर्ज, भावकीचा दावा, सगळं आरतीच्या तबकात. दोन भेटी जप आणि श्वासातच गेल्या. तिसऱ्या भेटीला ते तणतणत आले. सोसायटीतला पारिजातक गाडीवर सडा घालतो म्हणून तो तोडायचा अर्ज त्यांनी दिला होता.

"फुलतो कधी तो?" मी विचारलं.

"पहाटे."

"नक्की?"

ते गप्प. नऊ वर्षं त्यांनी फक्त गाडी झाडली होती.

आठवडाभर तिन्हीसांजेला १५ मिनिटं झाडाखाली उभं राहायचं, मोबाइल घरी. शांत व्हायचा प्रयत्नही करायचा नाही. एवढंच सांगितलं.

पुढच्या भेटीत आवाजच वेगळा. "अंधारता अंधारता कळ्या सुटतात हो! पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या, देठ केशरी. मग पहाटेही गेलो. वारा नाही, काही नाही, तरी टपटप गळतात. एक मनगटावर पडलं." जरा थांबून म्हणाले, "हात जोडले गेले. कुणाला, ते नाही सांगता येत."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घडलेली. विचार तपासणं हे माझं रोजचं काम. इथे तपासायला विचारच उरला नव्हता. थक्क झालेल्या माणसात 'मी' इतका लहान होतो, की काळजीला धरायला कुणी सापडत नाही. कॅलिफोर्नियातल्या २०२० च्या एका अभ्यासात ज्येष्ठांना ८ आठवडे, आठवड्याला १५ मिनिटं, नवलाईने बघत चालायला सांगितलं होतं. चालताना त्यांनी काढलेल्या सेल्फीत चेहरा हळूहळू लहान आणि भोवताल मोठा होत गेला! मला झाडावरून हे सुचलं, याचं थोडं कौतुक मीच करून घेते.

तेव्हा कास पठार गाठायची घाई नको. रोजच्या वाटेवरचं एकच झाड धरा, फोटो काढू नका. झोप-भूक बरेच दिवस उडाली असेल, तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ.

अर्ज त्यांनी मागे घेतला. आता झाडाखाली गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांचं वाजलंय, ते पुढच्या भेटीत.