कॅम्पर व्हॅनचं छत गळतंय आणि सिंकही तुंबतंय, काय करू?

आधी हे बघा: गळती एसी चालू असतानाच होते का? तसं असेल तर बहुधा छताचा दोष नाही. एसीचं पाणी ज्या ट्रेमध्ये साचतं त्याची ड्रेन नळी धूळ-शेवाळाने बुजलेली असते. ती साफ करा.

पावसातच गळत असेल तर थेंब पडतो तिथेच भोक असेल असं समजू नका. पाणी पत्र्याच्या आतून वाहत भलतीकडे निघतं. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर एकेक सांधा भिजवत जावं. बहुतेकदा सोलर पॅनेलचे स्क्रू किंवा व्हेंट फॅनची कड सापडते. तिथे सिलिकॉन थापू नका (गॅरेजवाला तेच सुचवेल), नंतर त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. जुना सीलंट (सांधे बुजवायचा लेप) पूर्ण खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कडेखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट.

सिंक गुडगुडत उतरत असेल तर सांडपाण्याच्या टाकीचा हवेचा पाइप तपासा. नाहीतर तेलकट गाळ असतो; ट्रॅप (सिंकखालचा वाकडा पाइप) खोलून धुवा. नळीला झोळ पडला असेल तर क्लिपने उचलून उतार द्या. तुंबलेली नळी मोकळी करायची कॉस्टिकची पावडर नकोच, ती पाण्यात तापते आणि पातळ नळीची वाट लागते.