बाबांनी ४५० विकली, मुलगा कम्युनिटी कॉलेज म्हणतोय

प्रश्न : मी मूळचा चिंचवडचा, बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. वय ४९. पस्तिशीनंतर मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या चढउतारांच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींचा नाद लागला आणि मुलगाही माझ्याबरोबर ट्रॅकवरच वाढला. या वर्षी मी ४५० सीसीची बाइक विकून २५० घेतली. बरोबरचे लोक हसले, पण घेतली. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठात त्याला मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. तो मात्र म्हणतो, आधी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जातो, मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली घेतो, आणि शनिवार-रविवार सस्पेन्शनच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. मी विरोध केला की मलाच ऐकवतो, ‘बाबा, तुम्ही नाही का खालच्या क्लासला आलात?’ बाइक वेगळी आणि शिक्षण वेगळं, हे त्याला कसं पटवू?

उत्तर :

नमस्कार. पटवायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. पोराचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, आणि कुठला निम्मा ते बघायचं तर आधी तुमच्या बाइकबद्दल बोलावं लागेल. मी हा खेळ टीव्हीवर आणि २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला झालेल्या सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉस) लीगमध्ये पाहिलेला माणूस. चालवणारे तुम्ही, त्यामुळे चुकलो तर सांभाळून घ्या.

पत्रात तुम्ही बाइक बदलल्याचं एका ओळीत उरकलंय, कारण दिलेलं नाही. पण चाळिशी-पन्नाशीतले रायडर ४५० का सोडतात हे काही गुपित नाही. वजनकाट्यावर दोन्ही बाइकमधला फरक जेमतेम काही किलोंचा असतो. खरा फरक इंजिनात फिरणाऱ्या लोखंडाचा. ४५०चा जड क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, एकदा वेगात फिरायला लागला की बाइक वळायला नाखूश असते, आणि जरा थ्रॉटल जास्त दिला की हात खांद्यातून ओढले जातात. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मजा येते. मग हँडल आवळून धरावं लागतं, कोपराखालचे स्नायू रक्ताने फुगतात, त्यांच्याभोवतीचं आवरण तेवढं ताणत नाही आणि बोटं क्लच-ब्रेकवर नीट दाबलीच जात नाहीत. तुम्ही लोक याला आर्म पंप म्हणता. पंचविशीतला व्यावसायिक रायडर अमेरिकेच्या राष्ट्रीय मालिकेत अर्धा तास अधिक दोन फेऱ्या, अशा दोन शर्यती (मोटो) एका दिवसात काढतो, कारण त्याचं आठवडाभर दुसरं कामच नसतं. सोमवारी सकाळी ऑफिसच्या मीटिंगला बसणाऱ्या माणसाने तेच अवजार का वापरायचं?

४५० हे मर्द माणसाचं माप आहे असं तुमच्या ट्रॅकवर कुणी म्हणत असेल तर त्याला थोडा इतिहास सांगा. मोठ्या वर्गात वर्षानुवर्षं २५० सीसीच्या टू-स्ट्रोक बाइक धावायच्या. यामाहाने फोर-स्ट्रोक आणली, १९९८मध्ये डग हेन्रीने वायझेड४००एफवर अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि सगळे कारखाने त्या वाटेला लागले. टू-स्ट्रोकशी बरोबरी साधावी म्हणून नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसी दिले होते, त्यातून ४५० रूढ झाली. १२५ टू-स्ट्रोकच्या जागी आजची २५० आली. म्हणजे ४५० हा आकडा नियमांच्या तडजोडीतून आलाय. माणसाचे खांदे-मनगटं मोजून कुणी तो ठरवलेला नाही.

आणि खाली येणं ही फक्त हौशी लोकांची गोष्ट नाही. इंग्लंडच्या मॅक्स अँस्टीचं बघा. जागतिक मालिकेतल्या २५०च्या वर्गात, म्हणजे एमएक्स२मध्ये, वयाची मर्यादा २३. ती ओलांडली की मनात असो-नसो, वर जावं लागतं. अँस्टी गेला, आणि २०१७मध्ये मॅटर्ली बेसिनच्या मोटोक्रॉस ऑफ नेशन्समध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, ४५०वर त्याने आपल्या दोन्ही शर्यती जिंकल्या. हा माणूस ४५०ला घाबरणारा नव्हे. पुढे अमेरिकेत आल्यावर, जिथे २५०ला वयाची अट नाही, तो परत २५०वर उतरला आणि २०२३मध्ये जागतिक सुपरक्रॉसच्या एसएक्स२, म्हणजे २५०च्या वर्गाचं विजेतेपद घेऊन गेला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याच्या आधी २००१मध्ये टेनेसीच्या माइक ब्राउनने जवळपास तेवढ्याच वयात १२५चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, आजूबाजूला विशीतली पोरं असताना. इटलीच्या अँटोनियो कैरोलीची तऱ्हा आणखी निराळी. तो वर्ग मोठाच ठेवून बाइक लहान घ्यायचा : २०१० ते २०१४ सलग पाच जागतिक विजेतेपदं त्याने केटीएमच्या ३५०वर, ४५०वाल्यांना मागे टाकून घेतली.

आता उलट बाजू, जी हसणाऱ्यांनाही माहीत नसते आणि मुलालाही नसावी. लहान बाइक घेतली की सगळं सोपं होतं असं नाही. तुमच्याकडच्या व्हेटरन शर्यतींत वर्ग सहसा वयावर असतात, ३० वरचे, ४० वरचे, ५० वरचे. सीसी कुणी बघत नाही. म्हणजे तुम्ही २५० घेऊन गेटवर उभे राहिलात तरी शेजारचा ४५०वरच असणार. तुमच्या ग्लेन हेलन ट्रॅकवर सुरुवातीचं गेट पडलं की टॅलाडेगा नावाच्या त्या लांबलचक पहिल्या वळणापर्यंत निव्वळ ताकदीचा मामला असतो, तिथे तुम्ही आठ-दहा जणांच्या मागे माती खाणार. पुढे त्याच ट्रॅकवरची माउंट सेंट हेलन्स नावाची ती चढण. ४५०वाला तिसऱ्या गिअरमध्ये निवांत वर जातो. तुम्हाला मात्र खालच्या वळणातून वेग न तोडता बाहेर यावं लागतं. तिथे एकदा इंजिनाचे फेरे पडले की चढण संपेपर्यंत क्लचला बोट लावत बसायचं. खर्चही फार कमी होत नाही, कारण २५०चं इंजिन मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि पिस्टन लवकर बदलायला लागतो. मोबदल्यात मिळतं काय, तर शेवटच्या फेरीतही हातात जोर राहतो आणि वळणं पुन्हा नीट घेता येतात.

हा सगळा हिशेब तुम्ही बाइक विकण्याआधी मनात केलाच असणार. लॅप टाइम पाहिले असतील, मनगटाचं ऐकलं असेल. लोक हसले तरी निर्णय फिरवला नाहीत. मुलाच्या बाबतीत मात्र तुमच्या पत्रात हिशेबाची एकही ओळ नाही, फक्त विद्यापीठ ‘नावाजलेलं’ आहे एवढंच आहे. तिथे पोरगा बरोबर आहे.

तर त्याचाही हिशेब मांडू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला ४६ डॉलर. वर्षाला ३० युनिट धरले तर १,३८० डॉलर, आणि पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अनेक कॉलेजं पहिली दोन वर्षं तीही माफ करतात. खासगी विद्यापीठाचा आकडा तुमच्याकडच्या पत्रात छापलेलाच आहे, तो शेजारी लिहा. बदलीचं म्हणाल तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा केंद्रं (कॅम्पस) प्रवेशाची लेखी हमी देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण केले की प्रवेश. बर्कली आणि लॉस एंजेलिस या यादीत नाहीत. यादीतल्या केंद्रांवरही प्रत्येक शाखेला हमी नसते, आणि इंजिनिअरिंगच्या अटी कडक असतात. कॉलेजातला कुठला विषय विद्यापीठात कशाच्या जागी धरतात हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतं. आपल्याकडे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं आठवा. वर्गात ती कुणापेक्षा कमी नसतात, वर्कशॉपमध्ये तर बऱ्याचदा पुढेच असतात.

त्याच्या वाटेवरही एक चढण आहे, ती त्याला दाखवा. मेकॅनिकलला लागणारं गणित आणि भौतिकशास्त्र साखळीसारखं असतं : पहिला कॅल्क्युलस झाल्याशिवाय दुसरा नाही, त्याच्याशिवाय पुढचं नाही. एका सत्रात जागा मिळाली नाही किंवा विषय सुटला की वर्ष पुढे जातं. इंजिनिअरिंगला बदली घेणाऱ्या बऱ्याच मुलांना दोनाऐवजी तीन वर्षं लागतात, तेव्हा दोनच वर्षं धरून त्याने बेत आखला असेल तर तो कच्चा आहे. शिवाय खासगी विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली असेल, तर ती बहुधा पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठीच असते. पुढे बदलीने तिथेच जायचं म्हटलं तर ती मिळेलच असं नाही.

आता तुमच्या बाजूचा निम्मा मुद्दा. तुम्ही ४५० विकली, ती पुढच्या वर्षी परत घेता येईल. त्याने आज सोडलेली जागा परत मिळेलच असं नाही. आणि तुम्ही शरीर थकलं म्हणून उतरलात, त्याचं शरीर अठराचं आहे. त्यामुळे ‘बाबांनी केलं म्हणून मी करतो’ हे कारण मी त्याच्याकडून चालवून घेणार नाही. त्याला स्वतःचं कारण सांगू दे.

मला वाटतं, ते कारण वर्कशॉप आहे. आणि ते वाईट नाही. तुम्ही राहता त्या पट्ट्यात, कोरोना गावच्या प्रो सर्किट कंपनीपासून मरिएटाच्या केटीएमपर्यंत, या धंद्याची निम्मी वस्ती आहे. दुसऱ्या राज्यात गेला तर ती हातची जाईल. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) उघडून आतले शिम, म्हणजे पातळ चकत्या, स्वतःच्या बोटांनी बदललेला मुलगा आणि डॅम्पिंगची, म्हणजे हादरे शोषण्याची समीकरणं सोडवणारा मुलगा, हे दोन्ही एकाच माणसात असले तर सस्पेन्शनच्या कामात त्याला मागणी येते. अडचण वेगळी आहे. वर्कशॉपवाले चांगल्या पोराला शुक्रवारीही बोलावतात, मग गुरुवारीही. हातात पैसे येतात आणि कॅल्क्युलस मागे पडतो. अशा वर्कशॉपमध्ये अडकलेली हुशार मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत, आणि त्यांना तिथून परत वर्गात आणणं सोपं नसतं.

तेव्हा त्याला नाही म्हणू नका, कागद मागा. कुठलं कॉलेज, बदलीसाठी कुठली दोन केंद्रं, प्रत्येक सत्रात कुठले विषय आणि तीन वर्षं लागली तर काय, हे सगळं एका पानावर त्याने स्वतः लिहावं. वर्कशॉपचे तास आठवड्याला किती, आणि कुठल्या गुणांखाली गेलं की ते बंद, हेही त्यातच. पान भरलं तर त्याच्या बाजूने उभे राहा. भरलं नाही, तर मुकाट्याने खासगी विद्यापीठाची बॅग भरायला लावा. तिथेही इंजिनं आहेतच.

बहुतेक विद्यापीठांना होकार कळवायची मुदत १ मे असते, तेव्हा हे पान एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात हवं. प्रवेशाच्या त्या हमीचा अर्ज बदलीच्या आदल्या सप्टेंबरात भरतात, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. आणि कॉलेजच्या बदली सल्लागाराची वेळ घ्यायला त्यालाच सांगा. तुम्ही फोन करू नका.