१९७२ च्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी? टायरवर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, मित्र म्हणतो ३५ ठेव, कमी आदळतो

मित्राला सांगा, ३५ तुझ्या कारमध्ये ठेव. ट्रेलरमध्ये ५०. सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने. इथे थांबलात तरी चालेल, पण मला पुढे लिहायचंय, कारण हा "कमी आदळतो" वाला सल्ला मला माझ्या साडूंनी दिला होता आणि बिल मी भरलंय.

आम्ही अमेरिकेत, फीनिक्सला राहतो. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, १९७१ चा, सतरा फुटी, एकच ॲक्सल, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि शेकडो रिव्हेट. प्रत्येक ट्रिपला पोचल्यावर दार उघडलं की कपाटं उघडी, डबे खाली आणि कुठल्यातरी दोन-तीन रिव्हेट जमिनीवर. साडू मेकॅनिकल इंजिनिअर (डिग्रीने, नोकरी सगळी सॉफ्टवेअरमध्ये गेली), त्यांनी चाकाला एक लाथ मारून निदान केलं, "साडूभाऊ, टायर दगड झालेत तुमचे, ३५ करा, लोण्यासारखा जाईल." केलं मी. आणि गेला हो लोण्यासारखा, तासभर.

जून महिना, बाहेर ४३ डिग्री, आय-१७ हायवेवरून फ्लॅगस्टाफकडे निघालेलो. ब्लॅक कॅन्यन सिटी सोडलं की सनसेट पॉइंटपर्यंत जो चढ आहे तिथे मागून धाडकन आवाज आणि मग फटफटफटफट. उजवा टायर. फुटला तिथवर ठीक, पण त्याची वरची पट्टी सुटून गरगर फिरताना तिने बाहेरचा पत्रा कणकेसारखा चिंबवला, ब्रेकची वायर तोडली आणि चाकावरचं प्लायवूड फोडून थेट आत. आत गेलो तर चिवड्याचा डबा उपडा, चिवड्यात रबराचे तुकडे, आणि सोफ्याची गादी उचलली तर खालून रस्ता दिसत होता. खराखुरा रस्ता, पांढऱ्या पट्टीसकट. स्टेपनी लावायला दीड तास, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि साडू फोनवर विचारत होते की जॅक नीट लावलाय ना.

नंतर एका खडीच्या यार्डात ट्रेलर भरलेल्या सामानासकट काट्यावर नेला, आमच्याकडे सांगलीला उसाची ट्रॉली नेतात तसा. आधी अख्खा ॲक्सल, मग एकच चाक काट्यावर घेऊन. डावीकडे १५१० पौंड, उजवीकडे १७३०. कारण फ्रिज, पाण्याची टाकी आणि आमचा तांदूळ-पिठाचा साठा सगळं उजव्या अंगाला. टायर होते एसटी२०५/७५आर१४, लोड रेंज (टायर किती वजन पेलतो त्याची श्रेणी) सी, म्हणजे ५० पीएसआयला एका टायरवर १७६० पौंड. ५० ला! म्हणजे पूर्ण हवा असती तरी तीस पौंडच शिल्लक होते, आणि मी ३५ वर चढ चढत होतो. हवा कमी की साइडवॉल जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की आतले थर सुटतात. यात लोणी कुठे येतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि आदळण्याचं कारण टायर नव्हतंच. या ट्रेलरच्या ॲक्सलच्या नळीत रबराच्या कांड्या असतात, स्प्रिंगचं काम त्याच करतात, पन्नास वर्षांत त्यांचं लाकूड होतं. तुमचाही ॲक्सल असाच असेल तर जॅक लावून फ्रेम उचला, चाक खाली लोंबायला पाहिजे. माझं तसूभरही हललं नाही. ॲक्सल बदलला, आता डबे जागेवर. टायर लोड रेंज डी घेतले, ६५ ला २०४० पौंड, मी ६० ठेवतो.

हां, पण माझं बघून तुम्ही ६० भरू नका. जुन्या रिमला आणि रबरी व्हॉल्व्हला आपापली मर्यादा असते, ती आधी बघा. तुमचे टायर डी किंवा ई असतील आणि ट्रेलर हलका असेल तर टायर कंपनीच्या लोड टेबलप्रमाणे (किती वजनाला किती हवा) कमी चालतं, पण वजन करून, लाथ मारून नाही. १९७२ च्या स्टिकरवरचा आकडा असेल तर तो त्या वेळच्या टायरचा, सोडून द्या. आणि दुपारी उन्हात ५० चे ५८ दिसले म्हणून हवा सोडू नका, ते तसंच असतं. तुमचे टायर किती जुने ते तुम्ही लिहिलंच नाही. टायरवरच्या डीओटी नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, बाहेरच्या बाजूला नसेल तर खाली झोपून आतून बघा.

माझे आठ वर्षांचे होते. साडू अजून तेच धरून बसलेत, "टायर म्हातारा होता म्हणून फुटला, हवेचा काय संबंध." मग डावा का नाही फुटला? तोच आठवडा, तेच वर्ष, तीच ३५ हवा, फक्त दोनशे वीस पौंड कमी. यावर ते म्हणतात की अंगणात ट्रेलरची उजवी बाजू पश्चिमेला असते, वर्षभर उन्हात भाजते. आता दोन्ही चाकांना पांढरी कव्हरं घालतो, पण ते येणार असले की आदल्या दिवशी काढून ठेवतो.