महाविद्यालयाच्या विकिपीडिया लेखासाठी कार्यालयात खेटे घालू नका

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण याच प्रकरणात माझेही बरेच महिने गेले आहेत. तुम्ही ज्या महाविद्यालयात शिकलात, त्याच्या विकिपीडियावरील लेखात स्थापनेचे वर्ष चुकीचे आहे, तुम्ही केलेली दुरुस्ती उलटवली गेली, त्या जागी ‘संदर्भ हवा’ असा साचा (ठरावीक सूचनेची पट्टी) लागला, आणि आता मूळ संलग्नता-पत्राची, म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाशी जोडले गेल्याच्या पत्राची, प्रत मिळावी म्हणून तुम्ही महाविद्यालयाच्या कार्यालयात खेटे घालत आहात, असे तुम्ही लिहिले आहे. यातले शेवटचे काम आजच थांबवा, एवढे सांगण्यासाठी हा प्रपंच. खाते कसे उघडावे, संदर्भाची खूण कुठे घालावी, हे तुम्हाला येतच असणार, म्हणून ते सोडून देतो. मी प्रचालक, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणारा विशेष अधिकारांचा सदस्य, नाही. पुण्यातील संस्थांविषयी बरीच वर्षे लिहिणारा साधा सदस्य आहे, तेव्हा पुढचे सारे अधिकृत उत्तर न समजता अनुभवाचे बोल समजावेत.

माझे महाविद्यालय शहराच्या जुन्या भागातले आहे. त्याचे नाव देत नाही, कारण तेथील शिक्षकांविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि माझी तक्रार केवळ कार्यालयाविषयी आहे. विकिपीडियाच्या लेखात स्थापनेचे एक वर्ष होते, माहितीपुस्तिकेवर दुसरे, आणि प्रवेशद्वाराजवळची कोनशिला तिसरेच सांगत होती. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेची समिती यायची म्हटले की ती कोनशिला दर वेळी तैलरंगाने नव्याने रंगवली जाई, आणि कोरलेल्या अक्षरांत रंगाचे इतके थर साचले होते की शेवटचा आकडा १ आहे की ९, हे त्यावरून बोट फिरवूनही कळत नसे. कार्यालयात विचारायला गेलो तर आधी लेखी अर्ज मागितला गेला. अर्ज दिल्यावर प्राचार्यांची परवानगी आणायला सांगण्यात आले, ती आणल्यावर ‘जुने कागद संस्थेच्या कार्यालयात असतात’ असे उत्तर मिळाले, आणि संस्थेच्या कार्यालयाने मला पुन्हा महाविद्यालयाकडेच पाठवले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची प्रत काचेच्या कपाटात माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, पण ते कपाट उघडणे हे आपले काम आहे असे तेथील एकाही माणसाला वाटले नाही. ज्या संस्थेला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे, तिने तो इतिहास माजी विद्यार्थ्यालाही वाचू देऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते.

याहून मोठे नुकसान पुढे झाले. माझ्या चौकशीमुळे कार्यालयाचे लक्ष त्या लेखाकडे गेले, आणि कोणीतरी महाविद्यालयाच्याच नावाने खाते उघडून संकेतस्थळावरचा संपूर्ण ‘आमच्याविषयी’ विभाग जसाच्या तसा लेखात चिकटवला. लहानशा रोपट्याचा वटवृक्ष, ज्ञानदानाचा अखंड यज्ञ, सर्वांगीण विकास, सगळे त्यात होते. प्रताधिकाराचा भंग झाला म्हणून लेख मागच्या स्वच्छ आवृत्तीपर्यंत परतवला गेला, ते खाते रोखले गेले, आणि मधल्या काळात मी एकेक संदर्भ शोधून केलेल्या दुरुस्त्याही त्या सफाईत गेल्या. ज्याने सफाई केली त्या सदस्याचा यात काहीच दोष नाही. ‘प्राचार्यांनी होकार दिला आहे’ असे तोंडी सांगून भागत नाही. मजकूर कोणालाही, अगदी व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली देत असल्याचे ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने लेखी कळवावे लागते, आणि ते कळवले तरी तो मजकूर विश्वकोशाच्या भाषेत बसतो असे नाही. म्हणून कार्यालयातून कोणी ‘तुम्ही सांगा, आम्हीच घालतो’ असे म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आता मूळ मुद्दा. समजा, उद्या कार्यालयाने ते संलग्नता-पत्र तुमच्या हातात ठेवले, तरी ते लेखाला उपयोगी पडणार नाही. विकिपीडियावरील माहिती पडताळण्याजोगी असावी लागते, म्हणजे ती वाचणाऱ्या कोणालाही, मग तो नांदेडचा असो की नागपूरचा, तोच संदर्भ स्वतः उघडून पाहता आला पाहिजे. कार्यालयाच्या फायलीतला कागद कधी प्रसिद्धच झालेला नसतो, आणि त्याचे छायाचित्र काढून चढवल्याने तो प्रसिद्ध झालेला संदर्भ ठरत नाही. हीच गोष्ट माहितीच्या अधिकाराची. पुण्यात कोणतेही काम अडले की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याचा सल्ला मिळतोच, आणि अनुदानित महाविद्यालयाकडून २००५ च्या कायद्याने दहा रुपयांच्या शुल्कात, तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर मागता येते हेही खरे आहे. पण ते उत्तर तुमच्या एकट्याच्या पत्त्यावर आलेले पत्र असते. तुमची स्वतःची खात्री पटण्यासाठी ते जरूर मागवा. संदर्भ म्हणून मात्र ते चालत नाही, आणि ते घालून तुम्ही दुरुस्ती केलीत तर ती पुन्हा उलटवली जाईल.

मला हवे होते ते अखेर एका सार्वजनिक ग्रंथालयात मिळाले. तीच स्मरणिका, लाल कापडी बांधणीची, पाठ उसवलेली, सुरुवातीची कितीतरी पाने भांड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांच्या जाहिरातींची. चिटणीसांच्या मनोगतात एक वर्ष होते आणि मागच्या कालपटात दुसरे. दोन्ही नीट वाचल्यावर उलगडा झाला. पहिले वर्ष संस्थेच्या नोंदणीचे होते आणि दुसरे महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाल्याचे. त्यानंतर जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळून वर्ग सुरू झाल्याची एक छोटी, एकाच स्तंभातली बातमी सापडली, आणि वाद तिथेच मिटला. स्मरणिका छापलेली असली तरी ती संस्थेनेच काढलेली असते, म्हणून तारखांसारख्या साध्या गोष्टींपुरतीच ती वापरावी. स्वतंत्र वृत्तपत्राची बातमी तिच्यापेक्षा नेहमीच वजनदार ठरते.

शोधायचे कुठे, असे तुम्ही विचाराल. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे आहे आणि विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहेच. ‘केसरी’ १८८१ पासूनचा, ‘सकाळ’ १९३२ पासूनचा, आणि त्यांच्याही आधी, १८४९ मध्ये, पुण्यातच ‘ज्ञानप्रकाश’ सुरू झाला होता. तुमचे महाविद्यालय स्वातंत्र्याच्या आसपासचे किंवा त्याआधीचे असेल, तर पुणे जिल्ह्याचे १९५४ चे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आधी पाहा. ते इंग्रजीत आहे, ऑनलाइन वाचता येते, आणि संदर्भ म्हणून त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

वर्षाच्या बाबतीत थोडे अधिक सांगतो, कारण बहुतेक भांडणे ‘कोणाचे वर्ष खरे’ यावर होतात आणि ती दोन्ही वर्षे आपापल्या जागी खरी असतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची आणि तिचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे, हे आपल्याला पाठ असते म्हणून तिथे घोळ होत नाही. डेक्कन कॉलेजचे पाहा. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, १८५१ चे पूना कॉलेज, १८६४ पासूनचे डेक्कन कॉलेज, १९३४ मध्ये बंद आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू. यांतले एकच वर्ष माहितीचौकटीत (लेखाच्या कडेला असणाऱ्या थोडक्यात माहितीच्या चौकोनात) टाकून बाकीची गाळणे हा इतिहासावर अन्याय आहे. सर परशुरामभाऊ महाविद्यालयही १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झाले होते, म्हणून जुन्या बातम्या शोधताना केवळ आजचे नाव घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही. तुमच्या महाविद्यालयाचे आधीचे नाव काय होते, ते प्रथम शोधा.

दुसरी नेहमीची चूक संलग्नतेची. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले आणि त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ मध्ये दिले गेले. १९४९ च्या आधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. ‘स्थापनेपासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न’ असे वाक्य १९४९ पूर्वीच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या लेखात दिसले, तर ते निःशंकपणे दुरुस्त करा. नॅकच्या श्रेणीबरोबर फेरी आणि वर्ष लिहा, कारण श्रेणी ठरावीक मुदतीचीच असते. नॅकला सादर केलेला स्वयंअध्ययन अहवाल महाविद्यालयानेच लिहिलेला असतो, तेव्हा त्यातली स्तुती संदर्भ म्हणून वापरू नका. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत संदर्भाशिवाय एकही नाव ठेवू नये, विशेषतः हयात व्यक्तींचे. याबाबत मी इतरांपेक्षा कडक आहे, हे मान्य करतो.

विषयाला लागूनच एक सूचना. महाविद्यालयांची संकेतस्थळे वरचेवर बदलतात आणि जुने दुवे मरतात, म्हणून संदर्भ देताना त्या पानाची प्रत वेबॅक मशीन या जुनी पाने साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तिचाही दुवा द्या. इमारतीचे छायाचित्र संकेतस्थळावरून उचलू नका, रस्त्यावर उभे राहून स्वतः काढा. इमारतीच्या छायाचित्राला आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची आडकाठी नाही. बोधचिन्हाचे मात्र तसे नसते, ते कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या भांडारात, चढवू नये.

तुम्ही आज तेथे नोकरीला किंवा माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीवर असाल, तर ते तुमच्या सदस्य पानावर आधीच लिहा, आणि कामाचा मोबदला मिळत असेल तर ते जाहीर करणे बंधनकारकच आहे. नुसते माजी विद्यार्थी असाल तरीही लेखात थेट हात घालण्याआधी त्या लेखाच्या चर्चा पानावर जाणे मला श्रेयस्कर वाटते. तेथे वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक द्या, बातमीतले नेमके वाक्य उद्धृत करा, माहितीचौकटीत कोणते वर्ष असावे आणि इतिहासाच्या परिच्छेदात कोणती वर्षे असावीत हे वेगवेगळे मांडा, आणि ज्या सदस्याने तुमची दुरुस्ती उलटवली त्यांना नावानिशी साद घाला. आठवडाभर थांबा. हरकत आली नाही तर दुरुस्ती करा आणि संपादन सारांशात त्या चर्चेचा दुवा द्या. बातमीची तारीख लागली की मला इथेच कळवा, मसुदा मी वाचून देईन.